खनिज की रासायनिक? चेहऱ्याच्या सनस्क्रीनवरची घटकांची यादी वाचूया

चाफेकळी, नौपाडा

ऊन तापायला लागलं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सनस्क्रीनची चर्चा सुरू होते आणि दर वेळी एकाच सल्ल्यावर येऊन थांबते. "केमिकलवालं नको गं, मिनरल घे, ते नैसर्गिक असतं." गोखले रोडवरच्या औषधाच्या दुकानातही हेच सांगतात. मला हा सल्ला पटत नाही. का पटत नाही ते नीट मांडावं म्हणून हा धागा काढला आहे. कोणता ब्रँड घ्यावा हे कृपया इथे विचारू नका, त्यासाठी जुने धागे भरपूर आहेत. इथे ट्यूबच्या मागच्या बारीक अक्षरांबद्दलच बोलूया.

थोडी पूर्वपीठिका. उन्हातली जी अतिनील किरणं आपल्यापर्यंत पोचतात ती दोन प्रकारची. साधारण २९० ते ३२० नॅनोमीटरची यूव्हीबी, जिच्यामुळे त्वचा लाल होते, भाजते. आणि ३२० ते ४०० नॅनोमीटरची यूव्हीए, जी त्वचेत जास्त खोल जाते. काळवंडणं, डाग, अकाली सुरकुत्या यांत तिचा मोठा वाटा. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीबद्दल सांगतो. यूव्हीएसाठी 'पीए' या अक्षरांपुढची अधिक चिन्हं मोजायची. ही जपानी पद्धत आहे आणि २०१३ पासून तिच्यात चार चिन्हांपर्यंत दर्जा देतात. आपली गव्हाळ-सावळी त्वचा भाजते कमी, पण डाग चटकन धरते. म्हणून मी तरी एसपीएफ ५० की ६० यात वेळ घालवत नाही. ३० चं सनस्क्रीन सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० चं सुमारे ९८ टक्के. खरा फरक यूव्हीएत पडतो, आणि तो घटकांवरून कळतो.

आता माझ्यापुढे दोन ट्यूब आहेत. पहिलीवर 'मिनरल' असं ठळक छापलंय. यादीत झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, आणि थोडं खाली ब्यूटाइलऑक्टाइल सॅलिसिलेट. दुसरीवर तसा काही दावा नाही. तिच्यात ब्यूटाइल मेथॉक्सिडायबेंझॉइलमिथेन, ऑक्टोक्रिलीन आणि एथिलहेक्सिल ट्रायझोन. यातलं पहिलं लांबलचक नाव म्हणजे आपलं ॲव्होबेंझोन. भारतातल्या बऱ्याच ट्यूबवर ते ॲव्होबेंझोन म्हणून छापलेलंच नसतं, त्यामुळे शोधणाऱ्याला सापडत नाही.

किरणं अडवणाऱ्या घटकाला फिल्टर म्हणतात. खनिज फिल्टर दोनच आहेत, झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. बाकी सगळे कार्बनी रेणू, ज्यांना बोलताना 'केमिकल' म्हणतात. सगळीकडे लिहिलेलं असतं की खनिज किरणं परावर्तित करतं आणि रासायनिक शोषून घेतं. शाळेच्या पुस्तकात शोभेल असं हे सोपं विभाजन चुकीचं आहे. मोजमाप करून पाहिलं तेव्हा अतिनील पट्ट्यात झिंक आणि टायटॅनियम सरासरी चार-पाच टक्केच किरणं परतवतात असं दिसलं. उरलेलं काम शोषूनच होतं. दोन्ही ऑक्साइड अर्धवाहक आहेत, अतिनील किरणांची ऊर्जा त्यांचे इलेक्ट्रॉन घेतात. म्हणजे 'खनिज त्वचेवर बसून किरणं हाकलतं, म्हणून सुरक्षित' या युक्तिवादाचा अर्धा पाया तिथेच जातो.

आणि नैसर्गिक म्हणाल तर कॉस्मेटिकमधलं झिंक ऑक्साइडही कारखान्यातच तयार होतं.

माझं म्हणणं असं की खनिज-रासायनिक या पाटीवर निवड करू नये. कोणते फिल्टर आहेत, ते यूव्हीएचा किती पट्टा झाकतात आणि उन्हात टिकतात का, यावर करावी. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेन तर सांगावं.

टिबुकली, सीवूड्स

छान धागा. मी सकाळी फ्लेमिंगो बघायला तळ्याकाठी उभी असते, तिथे झाड नाही की आडोसा नाही. खनिज सनस्क्रीन लावलं की चेहरा राखाडी दिसतो, फोटोत तर फारच. पण दुसरं लावलं की घाम डोळ्यांत उतरतो आणि दुर्बिणीतून बघवत नाही इतकं चुरचुरतं. घटकांमुळेच होत असणार ना हे?

रबाळेकर

टिबुकलीताई, दोन्ही गोष्टी घटकांमुळेच होतात. मी रबाळे एमआयडीसीत कॉस्मेटिकच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करतो. सनस्क्रीन हा माझा रोजचा विषय आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

राखाडी छटा येते ती अपवर्तनांकामुळे, म्हणजे पदार्थ प्रकाश किती वळवतो त्या आकड्यामुळे. टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक २.६ च्या पुढे, झिंक ऑक्साइडचा साधारण २. म्हणून टायटॅनियम जास्त पांढरं पडतं. भिंतीच्या पांढऱ्या रंगातही तेच असतं. कण बारीक केले, नॅनो आकाराचे केले, की पांढरेपणा कमी होतो. पण त्याच वेळी झिंकचा यूव्हीएचा टोकाकडचा आवाकाही थोडा आकसतो. युरोपात नॅनो झिंक आणि नॅनो टायटॅनियम त्वचेवर लावायला २५ टक्क्यांपर्यंत परवानगी आहे. श्वासावाटे फुप्फुसात जाईल अशा स्प्रेमध्ये मात्र ते नको, असं तिथल्या वैज्ञानिक समितीचं मत आहे. माझंही तेच मत: खनिज सनस्क्रीन क्रीम म्हणून घ्या, पावडर-स्प्रे म्हणून नको.

दोघांत फरक आहे. टायटॅनियम यूव्हीबी आणि यूव्हीएच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे ३४० पर्यंत चांगलं. पुढे ते थकतं. झिंकचा पट्टा रुंद, ३७० च्या आसपासपर्यंत. म्हणून ट्यूबवर 'मिनरल' आहे आणि आत फक्त टायटॅनियम आहे असं दिसलं, तर डागांसाठी ती ट्यूब घेऊ नका. फक्त झिंकवर ३० एसपीएफ गाठायचा तर २० टक्क्यांच्या आसपास झिंक लागतं. एवढी पावडर क्रीममध्ये एकसारखी पसरवणं हे आमच्या धंद्यातलं अवघड काम. कणांवर सिलिका, ॲल्युमिना, डायमेथिकोन किंवा ट्रायएथॉक्सिकॅप्रिलिलसिलेन यांचा लेप असतो. यादीत ही नावं दिसली तर घाबरू नका. उघड्या कणांवर ऊन पडलं की ते आजूबाजूच्या रेणूंशी प्रक्रिया करतात, लेप ते थांबवतो.

आता चाफेकळींच्या पहिल्या ट्यूबमधलं ब्यूटाइलऑक्टाइल सॅलिसिलेट. हा मुद्दा त्यांनी उचलायला हवा होता, मी उचलतो. हा रेणू ऑक्टिसॅलेट या रासायनिक फिल्टरचा अगदी जवळचा नातेवाईक आहे. तोही यूव्हीबी शोषतो. पण मान्यताप्राप्त फिल्टरच्या यादीत नसल्यामुळे त्याला विद्रावक किंवा स्निग्ध घटक म्हणून घालता येतं आणि वर 'शंभर टक्के मिनरल' छापता येतं. पदार्थ म्हणून तो वाईट नाही, आम्हीही वापरतो, पोत सुधारतो. पण ज्या ग्राहकाने रासायनिक फिल्टर टाळायचे म्हणून दुप्पट पैसे मोजले, त्याला हे माहीत असायला हवं. मला या छपाईचा राग येतो.

डोळ्यांची चुरचुर: कार्बनी फिल्टर तेलात विरघळतात, घामाबरोबर सरकतात. खनिजाचे कण त्या मानाने जागेवर राहतात. म्हणून डोळ्यांभोवती झिंकचं आणि बाकी चेहऱ्याला दुसरं, असं करायला हरकत नाही. अनेकजण करतात.

चाफेकळी, नौपाडा

रबाळेकर, अगदी हेच हवं होतं. ब्यूटाइलऑक्टाइलबद्दल मला एवढं माहीत नव्हतं. ॲव्होबेंझोन टिकत नाही म्हणतात, त्याबद्दलही लिहाल का?

रबाळेकर

लिहितो. ॲव्होबेंझोन यूव्हीए सगळ्यात चांगलं शोषतं ३५७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे झिंक जिथे मध्यम आहे तिथे हे जोरदार. पण एकट्याने उन्हात ठेवलं की रेणू मोडतो. ऑक्टिनॉक्सेटबरोबर ठेवलं तर दोघेही एकमेकांना लवकर संपवतात. ऑक्टिनॉक्सेट यादीत एथिलहेक्सिल मेथॉक्सिसिनामेट म्हणून असतं. आपल्याकडच्या स्वस्त ट्यूबमध्ये हे दोघे शेजारी शेजारी सर्रास दिसतात. सोबत स्थिर करणारं काही नसेल तर अशी ट्यूब परत ठेवा.

स्थिर करणारं म्हणजे ऑक्टोक्रिलीन, किंवा त्याहून चांगलं बेमोट्रिझिनॉल. हे यादीत बिस-एथिलहेक्सिलॉक्सिफेनॉल मेथॉक्सिफेनिल ट्रायझिन या नावाने असतं आणि व्यवहारात टिनोसॉर्ब एस म्हणून ओळखतात. यूव्हीए-यूव्हीबी दोन्ही झाकतं, उन्हात मोडत नाही, रेणू मोठा म्हणून त्वचेत शिरण्याची शक्यता कमी. ॲव्होबेंझोनच्या जागी डायएथिलअमिनो हायड्रॉक्सिबेंझॉइल हेक्सिल बेंझोएट दिसलं तर तेही उत्तम. शोषणाचं शिखर जवळपास त्याच जागी, आणि स्थिर. यूव्हीबीसाठी एथिलहेक्सिल ट्रायझोन चांगलं. युरोप, जपान, कोरिया, भारत इथे हे नवे फिल्टर बऱ्याच वर्षांपासून वापरात आहेत. अमेरिकेत सनस्क्रीन औषध मानतात, त्यामुळे तिथे नवा फिल्टर मंजूर व्हायला फार काळ लागतो. अमेरिकन व्हिडिओ बघून 'मिनरलच चांगलं' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्यांच्या दुकानातल्या रासायनिक ट्यूब आणि आपल्याकडच्या चांगल्या रासायनिक ट्यूब यांचे घटक एक नाहीत.

आपल्याकडे सनस्क्रीन कॉस्मेटिक आहे, म्हणून टक्केवारी छापलीच असेल असं नाही. पण एक टक्क्याच्या वरचे घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. झिंक सुगंधाच्या आणि प्रिझर्व्हेटिव्हच्या आसपास, अगदी तळाला असेल, तर ते शोभेपुरतं आहे.

नेरूळची_आई

खूप उपयुक्त माहिती. पण मला एक भीती आहे. रासायनिक सनस्क्रीन रक्तात जातं अशी बातमी होती. मला सहावा महिना चालू आहे आणि मोठी मुलगी चार वर्षांची आहे, वंडर्स पार्कला रोज न्यावं लागतं. आम्ही काय करायचं?

चाफेकळी, नौपाडा

ती बातमी २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासाची. २४ जणांना चार वेगवेगळी सनस्क्रीन शरीराच्या ७५ टक्के भागावर, दिवसातून चार वेळा, चार दिवस लावली. ॲव्होबेंझोन, ऑक्सिबेंझोन, ऑक्टोक्रिलीन, एकॅमस्यूल हे चारही रक्तात दर मिलिलिटरला अर्ध्या नॅनोग्रॅमच्या वर सापडले. ही रेषा ओलांडली की अजून चाचण्या करा, असा तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचा नियम. म्हणजे रेषा चाचणीची आहे, विषाची नाही, आणि त्याच प्रशासनाने सनस्क्रीन वापरणं थांबवू नका असंही सांगितलं. त्याच वर्षीच्या त्यांच्या प्रस्तावात झिंक आणि टायटॅनियम हे दोनच फिल्टर सुरक्षित व परिणामकारक म्हणून धरले होते, आणखी बारा फिल्टरसाठी अधिक माहिती मागितली होती.

तुमच्या बाबतीत मी खनिजाच्याच बाजूने आहे, ताई. इथे पाटी बघायला हरकत नाही. पोटात बाळ असताना आणि लहान मुलांना झिंकचं द्यावं असं बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ सुचवतात. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. ऑक्सिबेंझोन, म्हणजे यादीतलं बेंझोफेनॉन-३, तर मी कुणालाच सुचवणार नाही. युरोपनेही चेहऱ्यासाठी ६ टक्के आणि अंगभर लावायच्या क्रीमसाठी २.२ टक्के एवढंच ठेवलंय. नवीन बाळ आलं की सहा महिने त्याला काहीच लावू नका. सावली, टोपी, अंगभर सुती कपडे.

येऊरवाट

बाजारातल्या यादीपेक्षा घरी करा की. सुटी झिंक ऑक्साइड पावडर मिळते, खोबरेल तेल आणि कोरफडीचा गर यात मिसळायची. माझी मावशी तेच लावून येऊरला चालायला येते.

रबाळेकर

नको, मनापासून सांगतो. हाताने ढवळून झिंकच्या गुठळ्या फुटत नाहीत, डोळ्यांना दिसलं नाही तरी फुटत नाहीत. चेहऱ्यावर एका जागी थर बसतो, शेजारची जागा उघडी राहते. किती एसपीएफ झाला हे घरी कळायला मार्ग नाही. कोरफडीच्या गरात प्रिझर्व्हेटिव्ह नसल्यामुळे आपल्या दमट हवेत तो लगेच खराब होतो, तो धोका वेगळाच. खोबरेल तेल स्वतः ऊन अडवतं हा समजही सोडा, ते जवळजवळ काहीच अडवत नाही. मावशींना भल्या पहाटेची चाल आणि रुंद काठाची टोपी जास्त उपयोगी पडेल.

मोगरा_घणसोली

माझ्यासारख्या वांग असलेल्यांसाठी एक मुद्दा राहिलाय. झिंक असो की टिनोसॉर्ब, डाग पुन्हा पुन्हा गडद व्हायचे. मग त्वचेच्या डॉक्टरांनी समजावलं की आपल्या रंगाच्या त्वचेवर नुसता दिसणारा प्रकाश, विशेषतः निळा-जांभळा, हासुद्धा डाग वाढवतो. आणि तो ४०० नॅनोमीटरच्या पुढचा. वर ज्या फिल्टरची चर्चा झाली ते बहुतेक सगळे ४०० च्या आसपास थांबतात. पुढचं झाकायला लागतात लोहाची ऑक्साइडं, म्हणजे पिवळा, लाल, काळा आयर्न ऑक्साइड. रंगीत सनस्क्रीनमध्ये ती असतात. त्यामुळे माझी निवड खनिज-रासायनिक यावर झालीच नाही, आयर्न ऑक्साइड आहे की नाही यावर झाली. शिवाय रंगामुळे झिंकचा पांढरेपणाही झाकला जातो. कॅलामाइनचा गुलाबी रंगही झिंकमध्ये थोडं फेरिक ऑक्साइड मिसळल्यामुळेच येतो, पण म्हणून कॅलामाइन सनस्क्रीन होत नाही हं, तो समज आमच्याकडे होता.

चाफेकळी, नौपाडा

मोगरा, +१०. हा मुद्दा मूळ धाग्यातच हवा होता. आपल्याकडे वांगाचा त्रास इतक्या बायकांना आहे, आणि रंगीत सनस्क्रीन म्हणजे मेकअप असं समजून त्या ते बाजूला ठेवतात. पुरुषांनाही वांग येतो, ते तर विचारतही नाहीत.

टिबुकली, सीवूड्स

पर्यावरणाचं कुणी बोललं नाही. हवाईने ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेटवाल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली, प्रवाळांसाठी. आपल्या दारात ठाणे खाडी आहे, २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. चेहरा धुतला की ते पाणी शेवटी कुठे जातं? मला वाटतं खनिजाचा हा एक खरा फायदा आहे.

रबाळेकर

ताई, हे दोन फिल्टर टाळा, याला माझं अनुमोदन. पण झिंक ऑक्साइडला इथे मोकळं सोडू नका. युरोपच्या रासायनिक वर्गीकरणात त्याच्यावर 'जलचरांसाठी अतिविषारी' अशी नोंद आहे. आमच्याकडे त्याच्या पिंपांवर मेलेल्या माशाचं चिन्ह असतं, आणि ते सांडपाण्यात जाऊ नये म्हणून नियम असतात. 'रीफ सेफ', म्हणजे प्रवाळांना सुरक्षित, या छपाईला तर अमेरिकेतही कायदेशीर व्याख्या नाही. पाण्याची काळजी असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी घाला. जेवढं अंग झाकाल तेवढं सनस्क्रीन कमी लागतं, मग ते कोणतंही असो.

घोडबंदरकर

मी रोज घोडबंदर रोडने गाडी चालवतो, उजवा गाल आणि उजवा हात स्पष्ट काळा झालाय. काच बंद असते. मग सनस्क्रीन कशाला?

चाफेकळी, नौपाडा

काका, म्हणूनच तर लागतं. समोरची काच दुपदरी असते, ती बहुतांश यूव्हीए अडवते. बाजूची काच साधी कडक केलेली, ती यूव्हीबी अडवते पण यूव्हीए बरीच आत सोडते. भाजल्यासारखं वाटत नाही आणि काळवंडणं चालू राहतं. तुम्हाला यूव्हीए पट्टा भक्कम असलेलं हवं: झिंक भरपूर असलेलं, किंवा स्थिर केलेलं ॲव्होबेंझोन, किंवा टिनोसॉर्ब एस.

आणि प्रमाण. प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून एसपीएफ मोजतात. चेहरा, कान, मान मिळून सव्वा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा. ५० ग्रॅमची ट्यूब चाळीसेक वेळा पुरते. बहुतेक लोक याच्या निम्मं किंवा पावच लावतात, मग ५० चा आकडा नुसता ट्यूबवर राहतो. खनिज सनस्क्रीनबद्दल माझी खरी तक्रार इथे आहे. चेहरा पांढरा पडतो म्हणून लोक वाटाण्याएवढं लावतात. जे दोन बोटं भरून लावावंसं वाटतं आणि दोन-अडीच तासांनी ट्रेनमधून उतरल्यावर पुन्हा लावता येतं, ते तुमच्यासाठी चांगलं. दोन्हींत चांगल्या ट्यूब आहेत, दोन्हींत वाईटही.

घोडबंदरकर

पटलं. पण माझ्या पांढऱ्या शर्टांच्या कॉलरला पिवळट-तांबूस डाग पडतात, बायको वैतागते. टँकरचं पाणी आहे आमच्याकडे. त्याचा संबंध आहे का?

रबाळेकर

आहे. ॲव्होबेंझोन आणि पाण्यातलं लोह एकत्र आलं की गंजासारखा डाग पडतो. बोअरवेलच्या पाण्यात लोह असेल तर हमखास. त्यावर ब्लीच अजिबात टाकू नका, डाग पक्का होतो. लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिडचं पाणी लावून थोडा वेळ ठेवा, मग धुवा. कॉलरपुरतं तरी मानेला ॲव्होबेंझोन नसलेलं लावा, आणि सनस्क्रीन पूर्ण सुकल्यावरच शर्ट घाला.